भागुबाईची गाठ

सायखेडा,
३ ऑगस्ट २००६

सिंधुबाई,

"ही कोणी नाही, तंबोरा आहे."

हे वाक्य तुमचं. जानेवारी १९९७, अंतिम फेरीचा दिवस, सभागृहामागच्या मांडवात परीक्षकांची पंगत. मी वाढत होते. मॉरिशसहून आलेल्या परीक्षकांनी त्यांच्या त्या जुन्या वळणाच्या मराठीत विचारलं, "आणि ही बाय कोण?" तुम्ही पोळीचा तुकडा मोडता मोडता उत्तर दिलंत. ते हसले. मी त्यांना भात वाढला.

त्यानंतर साडेनऊ वर्षं तुमची एक ओळ नाही. काल कुरिअरवाला पाकीट देऊन गेला. आत 'गोदातीर आंतरराष्ट्रीय शास्त्रीय गायन स्पर्धा : पंधरा वर्षांचा इतिहास', चौसष्ट पानांची मुद्रितं, आणि वर टाचलेली चिठ्ठी : 'शुद्धलेखन तपासून २० तारखेपर्यंत पाठव. सिं.'

तब्येत विचारलेली नाही. आमची आई गेली, तेही नाही. पुण्याला मुलाकडे राहायला गेल्यावर नाशिकची माणसं विसरली असतील म्हणावं, तर सायखेड्याचा पत्ता पिनकोडसकट बरोबर आहे.

तपासलं. काम आलं की नाही म्हणता येत नाही, ही सवय तुम्हीच लावलीत.

पान ४. 'परीक्षकांपुढील पडदा खास शिवून घेण्यात आला.' नाही. १९९१च्या पहिल्या स्पर्धेचा पडदा म्हणजे आमच्या अण्णांच्या फुलांच्या चादरी होत्या. शेवंती बांधून बाजारात न्यायच्या त्या. आईने चार चादरी जोडून दिल्या. धुतल्या तरी वास गेला नाही, आणि काठमांडूचे परीक्षक तीन दिवस शिंकत होते. त्यांच्या शिंकेमुळे एका मुलीचा ख्याल चुकला, ते मात्र तुम्ही पान ७ वर 'वातावरणातील ताण' म्हणून घातलं आहे.

पान ११. पहिल्या वर्षी सहा देश नव्हते, आपला धरून चार होते. त्रिनिदादच्या मुलाने अर्ज केला, आला नाही. त्याचं नाव मी वहीत लिहिलं होतं आणि तुम्ही ते खोडू दिलं नाहीत. सहावा देश कुठून आणलात, माहीत नाही.

पान २९. इथे माझी पेन्सिल थांबली.

'१९९७ : अंतिम फेरीत स्पर्धक क्र. ११ यांना संकेत दिल्याच्या कारणावरून बाद करण्यात आले. स्पर्धेची शिस्त त्यामुळे जगापुढे आली.'

जगापुढे! बाई, त्या सभागृहात दोनशे माणसं होती आणि त्यांतली चाळीस आमच्या भावकीतली.

स्पर्धक क्र. ११ म्हणजे माझी धाकटी बहीण दीपमाला, तुमच्या इंदिरानगरच्या घरी नऊ वर्षं शिकलेली. पुस्तकात तिचं नाव नाही. पण नाशिकमध्ये गाण्याशी संबंध असलेल्या प्रत्येकाला अकरा नंबर कोण ते ठाऊक आहे.

त्या दिवशी काय झालं, ते तुम्ही विसरला असाल तर लिहिते. पडद्याची कल्पना तुमची आणि चांगली होती. तुमच्याच शिष्या गाणार आणि तुम्हीच मुख्य परीक्षक, म्हणून स्पर्धक पडद्याआड, नाव नाही, फक्त क्रमांक. सहावा नियम असा, की वाजणारे दागिने नकोत, कारण त्यावरून माणूस ओळखू येतं. साथीदारांनाही तोच नियम, आणि दीपाच्या मागे तंबोऱ्यावर मी होते. बाकीच्या बायकांनी बांगड्या काढून रुमालात बांधल्या. आमची आई पायरीवर बसून राहिली. "सवाष्णीचे हात उघडे? गाण्यापायी? मी जित्ती हाय तवर नाय." मग तिने कनवटीचा हाराचा दोरा काढला, पाण्यात भिजवला, आणि गजरा ओवावा तशा माझ्या एकेका हातातल्या हिरव्या बांगड्या एकमेकींना बांधून टाकल्या. तुमच्या स्वयंसेविकेने माझे हात धरून हलवून पाहिले आणि म्हणाली, "जा."

दोन फेऱ्या झाल्या. आवाज नाही. तिसऱ्या दिवशी दीपा मुलतानी गात असताना उजव्या हाताचा दोरा सुटला आणि बांगड्या वाजल्या. तुम्ही घंटी वाजवून गाणं थांबवलंत.

एवढंच झालं. दोरा सुटला. त्याला संकेत म्हणत नाहीत.

ती ओळ काढा. तुमच्या नवव्या नियमाप्रमाणे बाद झालेल्याला पुन्हा प्रवेश नाही. तो निर्णय मुख्य परीक्षकच मागे घेऊ शकतात, आणि अजून तुम्हीच मुख्य परीक्षक आहात.

उज्वला

ता. क. शुद्धलेखनाच्या चुका अडतीस निघाल्या. पान २९ वर एकही नाही.


सायखेडा,
२५ ऑगस्ट २००६

सिंधुबाई,

मुद्रितं पोचली असतील. उत्तर नाही. तुम्ही वर्गातही असंच करायचात. चुकीचा स्वर लागला की रागवायचं नाही, नुसतं खिडकीबाहेर बघायचं. समोरच्याने आपोआप मरावं.

काल नाशिकला गेले होते. दीपाचं तिथे द्वारका चौकात फुलांचं दुकान आहे. परवा गणपती, त्यामुळे पाय ठेवायला जागा नव्हती. मी आत बसून दूर्वांच्या जुड्या बांधू लागले. ती गिऱ्हाईक करता करता म्हणाली, "ताई, तू त्या बाईला पत्रं लिहितेस."

"कोणत्या बाईला?"

"तुझ्या पिशवीतनं 'गोदातीर'चं पाकीट डोकावतंय. मी फुलं विकते, आंधळी नाही झाले."

"मुद्रितं होती. त्यांनी तपासायला पाठवली."

"आणि तू तपासलीस?" ती इतकी हसली की समोरची बाई हार परत ठेवायला लागली. "ओ मावशी, तुम्हाला नाही हसले. घ्या, ताजा आहे. आमच्या ताईला हसले. तिला कोणीतरी काम सांगायला लागतं बघा."

मी विचारलं, "गातेस का गं?"

"गाते की. सकाळी लिलावाला जाताना टेम्पोत. केरू म्हणतो, ताई, तुम्ही असल्या की हॉर्न वाजवायलाच लागत नाही."

केरू म्हणजे तिचा टेम्पोवाला. तो बाहेर पोती उतरवत होता. तिथूनच ओरडला, "खोटं नाय सांगत! म्हशी बाजूला होत्यात!"

बाई, मी दोऱ्याचं बंडल घ्यायला गल्ल्याशेजारचा पत्र्याचा डबा उचलला, तर खाली तुमच्या स्पर्धेचा फॉर्म होता, २००७च्या जानेवारीचा. दीपाने भरलेला. नाव, जन्मतारीख, राग, ताल, सगळं. आठवा प्रश्न तेवढा कोरा. 'यापूर्वी कोणत्याही स्पर्धेतून बाद झाला आहात काय?' तिथे पेनाचा एक ठिपका होता. टेकवून उचललेला.

ती चौतीस वर्षांची आहे. तुमची अट पस्तिशीची. स्पर्धा एक वर्षाआड. म्हणजे ही शेवटची.

मी फॉर्म होता तसा ठेवला. ती म्हणाली, "बघितलास ना? बघ. भरून ठेवते दर खेपेला. पाचवा आहे हा." आणि मग जुडीला दोरा गुंडाळत, "आईची गाठ नेमकी त्या दिवशी सुटली, ताई. चाळीस वर्षांत एक सुटली आणि ती माझी."

ती आईवर रागावून बोलली नाही. पाऊस पडला नाही असं बोलावं, तसं बोलली. पण आईने ते तसं घेतलं नव्हतं. त्या दिवसानंतर आई प्रत्येक गाठ तीनतीनदा ओढून बघायची. बाजारातल्या बायका चिडवायच्या, "भागुबाई, हार देवाला घालायचाय, बैलाला नाय बांधायचा." २००३ साली दवाखान्यात शेवटी ती चादरीच्या दशांना गाठी मारत होती. मला म्हणाली, "माझ्या हातानं पोरीचं गाणं गेलं."

तुम्हाला हे सांगतेय कारण तुमच्या पान २९ वरच्या दोन ओळींना एवढं सगळं लटकलेलं आहे. काढायला किती वेळ लागतो? पेन्सिल मी देते.

उज्वला


सायखेडा,
८ सप्टेंबर २००६

सिंधुबाई,

कार्ड मिळालं. पोस्टमनने वाचलं असणार. वाचू दे, त्याला काही कळणार नाही.

'पान ४ व ११ च्या दुरुस्त्या मान्य. पान २९ बाबत : भागुबाईची गाठ सुटत नाही. तंबोरा छेडताना मनगट हलत नाही, फक्त बोटं हलतात, हे मीच तुला शिकवलं. सिं.'

याचा अर्थ काय? वयामुळे तुमचं डोकं चालेनासं झालं आहे, की नेहमीसारखं फार चालतं आहे? दोरा होता, पाण्यात भिजवलेला. वाळला, सैल झाला. आई देव नव्हती. आणि तुम्ही पडद्यापलीकडे होता. माझं मनगट हललं की नाही, तुम्हाला काय दिसलं?

माझ्या आईचं नाव कार्डावर लिहायचा तुम्हाला काही अधिकार नाही. ती गेली तेव्हा आला नाहीत.

पुन्हा असलं लिहू नका.

उज्वला


सायखेडा,
२४ सप्टेंबर २००६

सिंधुबाई,

काल घट बसले. मळ्यातून माती आणून परडीत पसरली, धान्य पेरलं, घटाला माळ बांधली. बांधताना गाठ दोनदा सुटली. मला आईसारखी गाठ येत नाही. कधीच आली नाही. यांनी, म्हणजे रंगनाथांनी, माळ हातातून घेतली आणि म्हणाले, "तुझं चित्त कुठं आहे आठ-पंधरा दिवस?"

तर लिहिते. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते आहे ते तुमच्यावर माया आहे म्हणून नव्हे. तुम्हाला ते आधीच माहीत आहे, म्हणून.

मी तुमच्याकडे आले १९८१ साली, अठरा वर्षांची. तुम्ही माझा गळा ऐकलात आणि म्हणालात, 'बरा आहे, मेहनत लागेल.' सात वर्षं केली. मग एक दिवस मी दीपाला बरोबर आणलं, कारण घरी तिला सांभाळायला कोणी नव्हतं. सोळा वर्षांची घोडी, सांभाळायचं काय म्हणा, पण आणलं. तुम्ही तिला सहज 'सा' लावायला सांगितलात. तिने लावला. तुम्ही खिडकीबाहेर बघितलं नाहीत.

पुढच्या आठवड्यात म्हणालात, "उज्वला, आता तू तंबोऱ्यावर बस."

तुम्ही माझं बोट धरून तारेवर ठेवलंत, मधलं बोट पंचमावर, पहिलं बोट बाकीच्या तिघींवर. तुमचा हात गार होता आणि त्याला सुपारीचा वास होता. मनगट दगडासारखं ठेव, म्हणालात. हे मला आठवतं आणि राग येतो, कारण त्या क्षणी मला बरं वाटलं होतं. मला वाटलं, हे थोडे दिवस आहे.

नऊ वर्षं बसले. लग्न झालं, तरी सायखेड्याहून एसटीने येऊन बसत होते. दीपाचा मी मत्सर केला असं समजू नका. ते सोपं झालं असतं. ती गायची तेव्हा मला विसर पडायचा की गाणारी मी नाही. मग ती थांबायची, सगळे तिच्याकडे बघायचे, आणि मी तंबोऱ्याला गवसणी घालायचे.

आता तो दिवस. तुमची पंगत उठली. ताटं गोळा करून मी सभागृहामागच्या खोलीत गेले. तिथे जुने फलक आणि सतरंज्यांची चळत होती. मी चळतीवर बसले आणि उजव्या हाताची गाठ दातांनी सोडवायला लागले.

सुटेना. आईने एकावर एक तीन मारल्या होत्या. दोरा हारांच्या बंडलातला होता, त्याला झेंडूचा कडूपणा होता. ओठ फाटला. बाहेर दीपा हाका मारत होती, "ताई, अकरा नंबर पुकारला, ये की!" तिसरी गाठ सुटली तेव्हा मी दोरा काढला नाही, तसाच वर गुंडाळून ठेवला, दिसायला बांधल्यासारखा. तुमच्या स्वयंसेविकेने त्या दिवशी हात हलवून पाहिले नाहीत. दोन दिवसांत तिचा विश्वास बसला होता.

बांगड्या वाजवायचं मी ठरवलं नव्हतं, असं मी नऊ वर्षं स्वतःला सांगत आले. फक्त दोरा नको होता. हातांना गळफास बसल्यासारखं होत होतं. एवढंच.

दीपाने मुलतानी मांडला. तुम्ही ऐकलात. त्याच्याबद्दल मी काही लिहिणार नाही. वरच्या षड्जाला जाताना ती निषादावर थांबते, तुम्ही शिकवलेली ती जागा. सगळं सभागृह श्वास धरून बसलं होतं. नुसता माझा तंबोरा. आणि त्या जागेवर माझं मनगट फिरलं. एकदाच.

पलीकडून मॉरिशसच्या परीक्षकांचा आवाज आला, "हा कसला नाद?"

मला दीपाला पाडायचं नव्हतं. खरं मानायचं तर माना. इंदिरानगरला तुमचा जिना चढताना माझ्या बांगड्या वाजायच्या आणि तुम्ही आतूनच म्हणायचात, "उज्वला आली." दारात पोचायच्या आधी. तेवढ्या दोन शब्दांसाठी मी एसटीचे हाल विसरत असे. पडद्यापलीकडे तुम्ही बसला होता आणि मला ते एकदा ऐकायचं होतं. मनात म्हणालात तरी चाललं असतं.

संकेत होता, बाई. दीपाचा नव्हता, माझा होता.

आणि तुम्ही काय केलंत? घंटी वाजवलीत. उठून पडदा बाजूला केलात. दीपाकडे बघितलंत. तिलाच विचारलंत, "काय ठरलं होतं तुमचं?" माझ्या मांडीवर तंबोरा होता, ओठाला रक्त होतं, हातावर दोरा लोंबत होता, आणि तुम्ही माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीत. आता कार्डावरून कळतं की तुम्हाला तेव्हाच सगळं ठाऊक होतं. गाठही, मनगटही. तरी बाद झाली ती दीपा. कारण तंबोऱ्याला गुन्हासुद्धा करता येत नाही.

मला वाचवण्यासाठी गप्प बसले असं कृपा करून लिहू नका. तुम्ही तुमची स्पर्धा वाचवलीत. स्वतःच्या शिष्येला बाद करणारी परीक्षक! पुढच्या खेपेला सात देशांतून अर्ज आले, तुमच्याच पान ३१ वर आहे.

मी मात्र आईला सहा वर्षं तीनतीनदा गाठी ओढताना बघितलं आणि बोलले नाही. ते तुमच्यावर ढकलत नाही. ते माझं.

उज्वला


सायखेडा,
३ ऑक्टोबर २००६

सिंधुबाई,

काल दसरा झाला. परवा संध्याकाळी मी दीपाकडे होते. दुकानात कमरेएवढा झेंडू, आम्ही दोघी तोरणं ओवत होतो. मी तिला सांगितलं. तुम्हाला लिहिलं त्यातलं काही वगळलं नाही, सतरंज्यांची चळतसुद्धा.

ती ओवत राहिली. आंब्याचं पान, झेंडू, झेंडू, पान. तोरण पूर्ण झालं, तिने गाठ मारली, दाताने दोरा तोडला. मला वाटलं आता हात उगारेल. उगारला असता तर बरं झालं असतं.

म्हणाली, "आईला सांगायचं होतंस."

एवढंच. मग दुसरं तोरण घेतलं.

निघताना मी फॉर्मबद्दल विचारलं. "ते माझं मी बघीन. तू मध्ये पडू नकोस. आणि ताई, दिवाळीपर्यंत इकडे येऊ नकोस. मला गिऱ्हाइकाशी गोड बोलावं लागतं." केरूने मला टेम्पोतून स्टँडवर सोडलं. तो वाटभर हॉर्न वाजवत होता. त्याने सगळं ऐकलं असावं.

तिने मध्ये पडू नको म्हटलं आहे, तरी हे शेवटचं पडते. पान २९ वरच्या तुमच्या दोन ओळींच्या जागी खालच्या तीन ओळी घाला. पानाच्या तळाशी तेवढी जागा आहे, मी मोजून बघितलं आहे.

'१९९७ : स्पर्धक क्र. ११ दीपमाला पुंजाराम तिडके यांना बाद करण्याचा निर्णय मागे घेण्यात येत आहे. संकेत त्यांच्या साथीदार उज्वला यांनी, स्पर्धकाच्या नकळत, स्वतःहून केला. बांगड्यांना दोरा भागुबाई पुंजाराम तिडके यांनी बांधला होता आणि त्यांची गाठ पक्की होती.'

पहिलं वाक्य तुम्ही नाइलाजाने छापाल. माझ्या सहीचं हे पत्र आता तुमच्याजवळ आहे, त्यावर पांघरूण घालणं तुमच्या शिस्तीत बसत नाही. दुसरं आनंदाने छापाल. तिसऱ्यावर तुमची पेन्सिल थांबेल. आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या इतिहासात हार ओवणाऱ्या बाईची गाठ कशाला? घरगुती मजकूर नको, असं १९९१च्या पत्रिकेपासून ऐकत आले आहे. चादरी म्हणूनच 'खास शिवून घेतलेला पडदा' झाल्या.

आईला वाचता येत नव्हतं. छापलं तरी तिला कळणार नव्हतं, आणि आता तर ती नाहीच. दीपाला त्याने काही मिळणार नाही. मला तर नाहीच नाही. माझं नाव दुसऱ्या वाक्यात आहे, तेही हवं तर साथीदार एवढंच ठेवा, मला सवय आहे.

तुम्ही नाही म्हणाल. उत्तर पाठवणार नाही, खिडकीबाहेर बघाल आणि पुस्तक छापून येईल. तरी मागते. पंचवीस वर्षांत तुमच्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट आहे.

ते तिसरं वाक्य राहू द्या.

उज्वला